आठ सेल, सात वर्षं आणि पीटीटी दाबला की विझणारा ८१७

माळ्यावरचा_ऑपरेटर (धागाकर्ता), रविवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे. शिव्या खायचीही तयारी ठेवली आहे, कारण चूक माझीच आहे.

पाऊस गेला म्हणून आज माळा आवरायला घेतला. ट्रंकेच्या तळाशी, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला माझा एफटी-८१७, म्हणजे हौशी रेडिओचा (हॅमचा) छोटा सेट, सापडला. एनडी नाही, त्याच्या आधीचा, पहिला. मुलगी झाली तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून वर ठेवला होता. मुलगी आता दुसरीत आहे.

बॅटरीचं झाकण उघडलं आणि वास आला. आठही पेन्सिल सेल आतच राहिले होते. त्यातले पाच गळलेत. पांढरी भुकटी, मध्ये मध्ये मोरचुदासारखा हिरवा-निळा रंग. ट्रेची एक स्प्रिंग बोट लावताच मारी बिस्किटासारखी तुटून हातात आली.

तरी हिंमत करून ट्रे बाहेर काढला, सेट रीसेट केला, जुनी वायर शोधून १३.८ व्होल्टच्या सप्लायला लावला. चालू झाला! ४० मीटरवर (शॉर्टवेव्हचा एक बँड) सकाळची मंडळी गप्पा मारत होती ती स्वच्छ ऐकू आली. बायको म्हणाली, "तोंड बघ स्वतःचं आरशात."

पण पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून 'हॅलो'तला 'हॅ' उच्चारला की स्क्रीन विझते, आणि क्षणात पुन्हा पेटते. पॉवर सर्वात खाली, अर्ध्या वॉटवर ठेवली तर टिकतो. पाच वॉटवर नाहीच. शिवाय २ मीटरच्या बँडवर अर्ध्या वॉटलाही कुणी ऐकत नाही. समोरच्या बिल्डिंगमधला मित्र हँडी (हातातला सेट) घेऊन गॅलरीत उभा होता, त्यालाही खरखरच.

संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला एका ओळखीच्या दुकानात फोन लावला. दोन वाक्यं ऐकून पलीकडून निकाल आला : फायनल (अँटेनाकडे पॉवर सोडणारे शेवटचे ट्रान्झिस्टर) गेले, पार्ट शोधावे लागतील. जुन्या ८१७ चे फायनल नाजूक, हे मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यामुळे पोटात गोळा आला आहे.

तर, फायनल गेलेत का? गळलेलं साफ कशाने करू? आणि उघडतोच आहे तर आत लिथियम बसवून टाकू का?

---

शून्य_वॉट, रविवार, रात्री ११:५२

सात वर्षं सेल आत?? दंड म्हणून आठ वडापाव. बाकी सकाळी बोलू.

---

लाटांवरचा_म्हातारा, सोमवार, सकाळी ६:१०

अरे बाबा, फोनवर दोन वाक्यं ऐकून फायनल गेले म्हणणारा माणूस आणि फोनवर नाडी बघणारा वैद्य, दोघांनाही लांबून नमस्कार कर.

फायनल मेलेला सेट सहसा विझत नाही. तो चालू राहतो, मीटर हलत नाही, आणि करंटही फारसा घेत नाही, कारण खाणारं तोंडच बंद झालेलं असतं. फायनल शॉर्ट झाला असता तर पीटीटीपर्यंत पोचलाच नसतास, त्याआधीच फ्यूज गेला असता. तुझा सेट बोलायला लागला की विझतो. म्हणजे तो जोरात खायला मागतोय आणि ताटात काही येत नाहीये.

हिशोब बघ. हा सेट ऐकताना साधारण पाऊण ते अर्धा अँपियर घेतो (चूक, पाव ते अर्धा, चष्मा नव्हता). पाच वॉटवर पाठवताना दोन अँपियरपर्यंत जातो. चालायला त्याला ८ ते १६ व्होल्टच्या मधलं काहीही चालतं. एवढा सोशिक सेट विझतोय म्हणजे त्याच्या दारात ८ पेक्षा कमी व्होल्ट पोचताहेत. सप्लायवरचा काटा १३.८ दाखवत असेल, पण तो सप्लायच्या दारातला आकडा झाला. मला सेटच्या दारातला हवाय, आणि तोही पाठवत असताना. मोकळ्या प्लगमध्ये मीटर खुपसून १३.८ वाचलास तर त्याचा उपयोग शून्य.

मी बावीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. १९९९ साली जीएमडीएसएस (जहाजांची नवी संकटसंदेश यंत्रणा) पूर्ण लागू झालं आणि आमची मोर्सवाली जात संपली. त्या बावीस वर्षांत ट्रान्समीटर मेला म्हणून मला जितक्या वेळा झोपेतून उठवलं, त्यातल्या बहुतेक वेळी ट्रान्समीटर ठणठणीत होता. खारी हवा तारेच्या टोकात शिरलेली असायची. मुंबईतला माळाही जहाजच की.

---

मीटरमावशी, सोमवार, सकाळी ९:३५

काकांशी सहमत. वीज आधी. पण तोवर गळतीकडे लक्ष द्या, कारण ती थांबलेली नाही, अजून चालू आहे.

पहिला प्रश्न : सेलवर काय लिहिलंय? अल्कलाइन की हेव्ही ड्यूटी? हे विचारते कारण लोक सरसकट 'व्हिनेगर लावा' सांगतात आणि निम्म्या वेळा ते उलटं पडतं. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे अल्क (आम्लाच्या उलट). ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरी भुकटी होतं. त्याला लिंबू किंवा पांढरं व्हिनेगर, थेंबभर, कापसाच्या काडीवर. फसफसलं तर बरोबर जागी आहात. पण घड्याळात घालतो ते स्वस्तातले हेव्ही ड्यूटी सेल झिंक क्लोराइडचे, त्यांचं गळतं ते आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर ओतलंत तर आगीत तेल. त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड गळले तर पुन्हा अल्कच, म्हणून लिंबू.

काहीही लावलं तरी नंतर डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं (गाडीच्या बॅटरीत घालतात ते चालेल, नळाचं नको), मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग रात्रभर पंख्याखाली. दातांचा जुना ब्रश उत्तम. सेट उभा धरा म्हणजे ओघळ बोर्डाकडे न जाता बाहेर येईल.

आता खरी मेख. अल्क तारेच्या आतून चढतं. इन्सुलेशन बाहेरून लालबुंद, नवंकोरं दिसतं आणि आतलं तांबं काळं पडलेलं असतं. अशा तारेवर डाग धरतच नाही. सोल्डर गोळी होऊन घरंगळतं आणि माणसाला वाटतं आपली सोल्डरची इस्त्री गार आहे. मग तो जास्त तापवतो, आणि खालचं प्लॅस्टिक वितळतं. बॅटरीच्या कनेक्टरकडून येणारी तार सेंटिमीटरभर सोला. काळी दिसली तर कापा, पुन्हा सोला. आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे मागे जात राहा. माझ्या लॅबमधल्या एका मीटरची तार मी अशी नऊ सेंटिमीटर कापली होती.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, सोमवार, दुपारी १:१५

मावशी, सेल अल्कलाइन. लिंबू लावलं, फसफसलं! ऑफिसातून लिहितोय, घरी बायकोला व्हिडिओ कॉलवर ब्रश धरायला लावला. (ती हा धागा वाचत नाही. बहुतेक.)

---

धारावी_ते_डीएक्स, सोमवार, दुपारी ४:०२

लिथियमबद्दल. मी माझ्या ८१७ मध्ये आत बसवलंय, तीन सेलचं, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. दोन वर्षं झाली. वायर नाही, काही नाही, सेट उचलायचा आणि गच्चीवर जायचं. सुख आहे.

पण दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. सेटमध्ये जो चार्जर आहे तो निकेलसाठी बनवलाय. बाहेरून सप्लाय लावून मेनूतून चार्जिंग चालू करतो आपण, तासांच्या हिशोबाने चालतं ते. लिथियम तसं भरायचं नसतं. त्यामुळे बॅटरीच्या कनेक्टरवरून चार्जिंगची वाट तोडायची आणि पॅकला स्वतःचं भोक, स्वतःचा चार्जर. पॅकमध्ये बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं सर्किट) हवाच. आणि सेल सुट्टे आणून घरी डाग द्यायचे नाहीत, त्यांना स्पॉट वेल्ड लागतं.

---

लाटांवरचा_म्हातारा, सोमवार, सायंकाळी ५:२०

आणि हा लिथियमचा डबा घेऊन तू ८:१२ च्या दादर फास्टमध्ये चढतोस? चौथ्या सीटवाल्याच्या कोपराखाली?

माझं मत बाहेरच्या बॅटरीला. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट. पूर्ण भरताना १४.६ पर्यंत जाते, ते सेटच्या १६ च्या आत आहे. सहा अँपियर-तासांची घे. दहातला एक मिनिट बोललास आणि नऊ मिनिटं ऐकलंस, तर सरासरी सहाशे मिलिअँपियर पडतात, म्हणजे जवळजवळ दहा तास. आतल्या चौदाशेच्या निकेल पॅकवर सव्वादोन तास. आणि आतल्या पॅकवर सेट स्वतःहून अडीच वॉटवर उतरतो, हे विसरू नकोस. बरेच जण 'बॅटरीवर दम लागत नाही' म्हणून रडतात ते यामुळेच.

पूर्वी आम्ही यूपीएसमधली १२ व्होल्ट सात अँपियर-तासवाली शिसं-आम्ल बॅटरी वापरायचो. माथेरानच्या स्टेशनापासून पॅनोरमा पॉइंटपर्यंत ती पिशवीतून नेली होती एकदा. सेट सव्वा किलोचाही नाही, बॅटरी त्याच्या दुप्पट. अजून खांदा आठवतो.

---

धारावी_ते_डीएक्स, सोमवार, सायंकाळी ५:४१

काका, मी बसने जातो :)

बाहेरचं जास्त शहाणपणाचं, मान्य. पण 'स्वस्तातला बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारं सर्किट) लावून लॅपटॉपच्या पॉवर बँकेवर चालवा' असं कुणी सुचवायच्या आत सांगतो : चालतं, पण ४० मीटरवर दर काही किलोहर्ट्झला एक शिट्टी. त्या कन्व्हर्टरची चॉपिंग. फेराइटच्या कड्यावर दहा वेढे मारूनही अर्धीच गेली.

---

नवा_व्हीयू३, सोमवार, रात्री ९:३०

नमस्कार, मी नवीन. मागच्या वर्षी रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळाला. विषय मॉडिफिकेशनचा चाललाय म्हणून विचारतो, या सेटमध्ये आतला जंपर (बोर्डावरची छोटी जोडणी) बदलला की ट्रान्समिट सगळीकडे उघडतं म्हणे. कसं करायचं? हाउसिंग सोसायटीच्या वॉचमनचे वॉकीटॉकी आहेत, त्यांच्याशीही बोलता येईल.

---

मीटरमावशी, सोमवार, रात्री ९:४४

नाही. आणि हे 'नाही' प्रेमाने आहे.

आपला परवाना डब्ल्यूपीसी (केंद्र सरकारचा वायरलेस विभाग) देते तो ठरावीक बँडसाठी. २ मीटर आपल्याकडे १४४ ते १४६. सत्तर सेंटीमीटर ४३४ ते ४३८. परदेशातून आलेला सेट याहून रुंद पट्ट्यात बोलतो, म्हणजे जंपर न बदलताही आपल्याला स्वतःचा हात आवरावा लागतो. रुंद करायची भाषा कशाला? वॉचमनशी बोलायचं तर खाली जाऊन बोला, त्याला चहाही पाजा.

मॉडिफिकेशनच करायचं असेल तर ऐकण्याच्या बाजूचं करा. ८१७ मध्ये मुख्य बोर्डावर ४५५ किलोहर्ट्झच्या जास्तीच्या फिल्टरसाठी एक रिकामी जागा असते. एकच. मोर्स करणाऱ्याने पाचशे हर्ट्झचा मेकॅनिकल फिल्टर लावावा, आवाजवाल्याने २.३ किलोहर्ट्झचा. आता सहज मिळत नाहीत, जुन्या सेटमधून काढलेले शोधावे लागतात. पण रविवारी सकाळी ४० मीटरच्या गर्दीत एका माणसाला शेजारच्यापासून वेगळं काढताना कळतं काय घेतलंय ते.

---

नवा_व्हीयू३, सोमवार, रात्री ९:५१

सॉरी मावशी. समजलं.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, मंगळवार, रात्री १२:२०

झोप येत नाही म्हणून मोजलंच. काका, दंडवत.

प्लगच्या मागे दोन बोटं अंतरावर तारेत टाचण्या टोचल्या, लाल आणि काळ्या दोन्हीत, आणि मीटर लावला. नुसतं ऐकताना १२.५. मला वाटलं ठीक आहे. मग अर्ध्या वॉटवर पीटीटी दाबला : १०.७! सप्लायच्या टोकाला त्याच वेळी १३.७. मधल्या मीटरभर तारेत तीन व्होल्ट खपले. करंट तेव्हा साधारण एक अँपियर होता, म्हणजे वायरीत तीन ओहम बसलेत. दोन अँपियर मागितले की सहा व्होल्ट जाणार, सेटच्या दारात ७.७. तो विझणारच.

मग तुकड्या-तुकड्याने मोजलं. सप्लायपासून फ्यूज होल्डरपर्यंत नगण्य. प्लगकडच्या तुकड्यात अर्धा व्होल्ट. आणि फ्यूज होल्डरच्या दोन टोकांमध्ये २.४! बोट लावलं तर कोमट. पिरगाळून उघडला, आतली स्प्रिंग हिरवीगार, आणि तार क्रिम्प केली होती तिथे काळी भुकटी. हे सेलच्या गळतीशी संबंधित नाही, वायर वेगळ्या पिशवीत होती. निव्वळ दादरची हवा.

पीटीटी दाबून एक हात मीटरवर, एक हात टाचणीवर, आणि दारात मुलगी : "बाबा, तुम्ही रेडिओला इंजेक्शन देताय?"

---

लाटांवरचा_म्हातारा, मंगळवार, सकाळी ५:५८

शाब्बास रे. आता तो होल्डर साफ करत बसू नकोस, फेकून दे. दीड स्क्वेअर एमएमची तार, एकही जास्तीचा जोड नाही, तीन अँपियरचा फ्यूज सप्लायच्या बाजूला. सेटकडचा तो बारका गोल प्लग ओढाताणीला कच्चा असतो, म्हणून तिथे वीतभरच तार ठेव, पुढे पॉवरपोल (ओढलं की सुटणारा कनेक्टर) लाव आणि वीतभर तुकडा सेटच्या पट्ट्याला बांधून टाक. ओढ बसली तर पॉवरपोल सुटेल, सॉकेट वाचेल. टाचणीच्या भोकांवर टेप मारायची गरज नाही कारण ती तार कचऱ्यातच जाणार आहे.

मग डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा पन्नास ओहमचा भार) पॉवर मोज. अँटेनावर नको.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, मंगळवार, सकाळी १०:०५

डमी लोड नाही माझ्याकडे. विकतच घ्यावा लागेल का?

---

मीटरमावशी, मंगळवार, सकाळी १०:४०

एक किलो ओहमचे वीस रेझिस्टर आणा, दोन वॉटवाले, मेटल फिल्म. तारेचे वेटोळे असलेले नकोत, ते रेझिस्टरच्या वेषातली कॉइल असते. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोडला पायी पोचाल. वीस समांतर म्हणजे पन्नास ओहम, आणि चाळीस वॉटची सहनशक्ती, तुमच्या पाच वॉटला महिनाभर पुरेल.

दोन तांब्याचे तुकडे कापा, पत्र्यासारखे, प्रत्येकी वीस भोकं. रेझिस्टर उभे, सँडविचसारखे मध्ये. पाय जितके आखूड तितकं चांगलं. वर एक छोटा डायोड आणि कपॅसिटर लावलात की साधा मल्टीमीटर पॉवर मीटर होतो : वाचलेल्या व्होल्टमध्ये डायोडचे ०.६ मिळवा, वर्ग करा, शंभराने भागा. उत्तर वॉटमध्ये. ४० मीटरला हे छान चालतं. २ मीटरला पायांची लांबीही खेळ करायला लागते, तिथे विश्वास ठेवू नका.

---

शून्य_वॉट, मंगळवार, सकाळी १०:५८

वाचनखूण साठवली. मावशी, तुमचे विद्यार्थी नशीबवान.

---

मीटरमावशी, मंगळवार, सकाळी ११:०३

त्यांना विचारा एकदा.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, गुरुवार, रात्री १०:४५

वीस रेझिस्टरांची जत्रा भरवली. पहिल्या प्रयत्नात एकोणीसच बसले, एक खाली पडून बायकोच्या चपलेत सापडला.

नवीन वायर, नवीन फ्यूज. ४० मीटर, पाच वॉट, एफएमवर ठेवून कॅरियर (न बोलता नुसती लाट). सेटच्या दारात १३.३. स्क्रीन ढिम्म हलली नाही. डमी लोडवर मीटर म्हणाला २१.६. अधिक ०.६, बावीस पूर्णांक दोन. वर्ग ४९३. म्हणजे ४.९ वॉट!!

फायनल शाबूत आहेत. मी घरात एक फेरी मारून आलो.

पण २ मीटर अजूनही मुकं. स्क्रीनवर एचएसडब्ल्यूआर (अँटेना नीट जुळत नसल्याची खूण) लुकलुकतं. अँटेना तीच, गॅलरीतली स्लिम जिम (उभी अँटेना), पूर्वी यावरच मी लोणावळ्याच्या माणसाशी बोललोय. केबल पंधरा मीटर आरजी-५८. पाणी शिरलं असेल का?

---

धारावी_ते_डीएक्स, गुरुवार, रात्री ११:०१

सात पावसाळे गॅलरीत? शिरलंच असेल. पीएल कनेक्टर उघडून बघ, जाळी काळी असेल तर केबलच बदल. नवीन घेताना आरजी-५८ नकोच, २ मीटरवर पंधरा मीटरमध्ये तीन डेसिबल खाते. पाच वॉटचे अडीच वर पोचतात. जाडी केबल वळवायला त्रास आहे, पण घे. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारा रबरी टेप, ताणून, आणि केबल आत घेण्याआधी खाली एक झोका, म्हणजे थेंब तिथेच गळेल.

---

लाटांवरचा_म्हातारा, शुक्रवार, सकाळी ६:०५

केबल नंतर. आधी सांग, ती सेटला लावलीस कुठे? पुढे की मागे?

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, शुक्रवार, सकाळी ८:३०

मागे. मोठ्या सॉकेटला. नेहमीच तिथे लावायचो, कनेक्टर पीएल आहे ना.

---

लाटांवरचा_म्हातारा, शुक्रवार, सकाळी ८:३४

आणि पहिल्या दिवशी सेट रीसेट केलास.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, शुक्रवार, सकाळी ८:३६

अरे देवा.

---

शून्य_वॉट, शुक्रवार, सकाळी ८:५०

आम्हा पामरांना कुणी समजावेल का?

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, शुक्रवार, सकाळी ९:१५

८१७ ला अँटेनाची दोन सॉकेट. पुढे बीएनसी, मागे मोठं. कुठला बँड कुठून बाहेर पडणार हे मेनूत ठरवता येतं. कंपनीतून येतो तेव्हा शॉर्टवेव्हचे बँड मागून, ६ मीटर, २ मीटर आणि सत्तर सेंटीमीटर पुढून. मी कधीतरी २ मीटर मागे वळवून घेतलं होतं आणि विसरलो होतो. रीसेटने ते परत पुढे गेलं. म्हणजे मी रविवारपासून मोकळ्या बीएनसीमध्ये पॉवर ओततोय. मित्र गॅलरीत उभा राहून हवा ऐकत होता.

मेनू बदलला. एचएसडब्ल्यूआर गायब. मित्र म्हणाला, "आता ओरडू नकोस, खिडकीतूनही ऐकू येतंय."

---

मीटरमावशी, शुक्रवार, सकाळी ९:४०

हसू नका कुणी, माझ्याकडूनही झालंय हे.

आणि एक लक्षात आलं का? अँटेनाशिवाय पाच वॉट ओतणं हेच फायनल मारण्याचं राजमार्गी साधन. सेट आपली पॉवर कमी करून स्वतःला वाचवतो खरा, पण पुन्हा पुन्हा दाबलं तर कुठवर? तुमचा सेट मात्र अर्ध्या वॉटच्या वर विझत होता. त्या सडक्या फ्यूज होल्डरने तुमचे फायनल वाचवले.

---

लाटांवरचा_म्हातारा, शुक्रवार, सकाळी ९:५२

म्हणजे तो फेकू नकोस, फ्रेम करून भिंतीवर लाव.

---

नवा_व्हीयू३, शुक्रवार, सकाळी ११:३०

एक विचारू? मी असं वाचलं की ए, बी, सी तिन्ही बटणं दाबून सेट चालू केला की छुपा मेनू येतो आणि त्यातून पॉवर वाढवता येते.

---

धारावी_ते_डीएक्स, शुक्रवार, सकाळी ११:५५

येतो. त्यात प्रत्येक बँडची कारखान्यात बसवलेली मूल्यं असतात. मी एकदा हात घातला, आधी एकही आकडा लिहून न ठेवता. त्यानंतर माझा सेट १० मीटरवर दोन वॉट आणि ८० मीटरवर सात वॉट देत होता आणि एस मीटर (येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा) कायम तीनवर. पूर्ववत करायला दोन रविवार आणि उसना आणलेला सिग्नल जनरेटर लागला. बघायचाच असेल तर वही-पेन घेऊन नुसता बघ. सात वॉटने समोरच्याला काही कळत नाही, फायनलला कळतं.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, शनिवार, रात्री ९:२०

लिथियमचा निर्णय : बाहेर. सहा अँपियर-तासांची आयर्न फॉस्फेट घेतली. मावशींनी सांगितल्याप्रमाणे बॅटरीच्या कनेक्टरची तार कापत गेलो, चार सेंटिमीटरवर चकचकीत तांबं लागलं. तिथे नवा तुकडा जोडून टोक बंद करून ठेवलंय. ट्रे फेकला. आता आत काहीच नाही, झाकणामागे सिलिका जेलची पुडी. (तांदूळ ठेवा म्हणून सासूबाईंनी सुचवलं. पीठ पडतं म्हणून प्रेमाने नाकारलं.) पुढच्या पावसात सेट कॅमेरावाल्यांसारखा हवाबंद डब्यात, आणि पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत.

बॅटरीवर चालवल्याचा एक अनपेक्षित फायदा. घरातला मेन स्विच बंद करून ऐकलं, ४० मीटरवरची घरघर एस-९ वरून एस-५ वर आली. म्हणजे बहुतेक गोंगाट माझ्याच घरात होता. एकेक स्विच चालू करत गेलो. गुन्हेगार : देवघरातली एलईडी समई. आईला कसं सांगू?

---

मीटरमावशी, शनिवार, रात्री ९:३३

सांगू नका. तिच्या वायरीला मिक्स ३१ चं फेराइट कडं, जितके वेढे बसतील तितके. देव राहतो, घरघर जाते.

---

शून्य_वॉट, शनिवार, रात्री ९:४०

उरलेला एस-५?

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, शनिवार, रात्री ९:४८

लिफ्ट. चौथ्या मजल्यावर थांबली की गप्प होते. सेक्रेटरींना सांगायच्या भानगडीत पडत नाही, डायपोलची (४० मीटरच्या अँटेनाची) दोरी अजून त्यांच्या टाकीच्या पाइपाला बांधलेली आहे आणि ते विसरलेत.

---

माळ्यावरचा_ऑपरेटर, रविवार, सकाळी ८:१०

गच्चीवरून, ४० मीटर, पाच वॉट, बॅटरीवर. नाशिक मिळालं, मग हुबळी. हुबळीचे गृहस्थ म्हणाले, सिग्नल पाच-सात (स्पष्टता पाच, जोर सात), तळाशी थोडी खरखर. माईकचा प्लग कुरकुरतोय बहुतेक, हलवला की जाते. आठही पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून बघतो.

काका, तुम्ही ऐकत होतात का?

---

लाटांवरचा_म्हातारा, रविवार, सकाळी ८:१४

कुलाब्यात पाच-नऊ. प्लग पुसच, पण माईक तोंडापासून चार बोटं लांब धर. आणि 'हॅलो' म्हणू नकोस, आधी कॉलसाइन सांग. सात वर्षांत तेवढं विसरलास.